जावळ मेकाँगला वाहिलं

परदेशातून आलेल्या माणसाने काय सांगायचं, हे आमच्या बुऱ्हाणपुरातल्या इतवारा मोहल्ल्यात ठरलेलं आहे. तिकडचे रस्ते कसे चकाचक, माणसं कशी शिस्तीची आणि आपल्याकडे कसा सगळा आनंदीआनंद. मी त्यातलं काही सांगणार नाही. आम्ही व्हिएतनामला गेलो, दोन्ही लहान पोरांना घेऊन गेलो, तिथे धाकट्याचं डोकं फुटलं, आणि तरीही आम्ही गेलो ते चांगलंच केलं. शेवटचं वाक्य ज्यांना पटत नाही, त्यांच्यासाठीच हे मुद्दाम लिहायला बसले आहे.

नवरा प्रशांत, त्याची शाहपूरला केळीची बाग. मी बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. भिंतीवरच्या नकाशात वर्षानुवर्षं पोरांना नद्या दाखवत आले, आणि स्वतः पाहिलेली मोठी नदी म्हणजे तापी, तीसुद्धा उन्हाळ्यात गुडघाभर. मुलगी तन्वी सात वर्षांची, तोंडाने तिखट, शाळेतली हिंदी मराठीत मिसळून बोलणारी. मुलगा ओजस अडीच वर्षांचा, आणि त्याच्या पाठीवर रुळणारे केस.

त्या केसांची हकिगत आधी सांगायला हवी. ओजस सातव्या महिन्यातच झाला. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि डॉक्टर आमच्याशी बोलताना नजर चुकवत होते. तेव्हा त्या पेटीसमोर उभं राहून माझ्या सासूबाईंनी कुलदेवीला नवस बोलला. पोर वाचलं तर तिसऱ्या वर्षी तुझ्या दारात त्याचं जावळ काढीन, तोवर त्याच्या डोक्याला कात्री लागू देणार नाही. पोर वाचलं. त्यामुळे त्या केसांवर आमच्या घरात माझ्यापेक्षा सासूबाईंचा हक्क जास्त होता, आणि मलाही ते मान्य होतं.

जायचं ठरलं तेव्हा मात्र सगळं गाव उपदेशाला आलं. ‘‘पोरं मोठी होऊ दे, मंग फिरा,’’ हा पहिला उपदेश. ‘‘आजीपाशी ठेवून दोघंच जा,’’ हा दुसरा. ‘‘त्यायच्या काय लक्षात राहते?’’ हा तिसरा, आणि याने मात्र माझं डोकं फिरायचं. हेच लोक पोराच्या पहिल्या वाढदिवसाला मांडव घालतात, डीजे लावतात आणि झोपेने पेंगुळलेल्या पोराच्या तोंडात केक कोंबतात. तेव्हा त्यांना लक्षात राहण्याची काळजी नसते.

सासूबाईंनी उपदेश केला नाही. त्यांनी ओजसच्या केसांची वेणी घातली, कानामागे काजळाची तीट लावली आणि मला म्हणाल्या, ‘‘नेऊ राहिली तर ने. पन याच्या डोक्याले कात्री लागली ना, तर माह्या घरात पाय नको ठेवजो.’’

मी म्हटलं, ‘‘नाही लागणार.’’ तेव्हा माझी तशी खात्रीच होती.

सायगॉन

शहराचं सरकारी नाव आता वेगळं आहे, पण तिथले लोक सायगॉनच म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही रस्ता ओलांडू शकलो नाही. समोरून स्कूटरींचा लोंढा येत होता आणि तो थांबतच नव्हता. शेवटी एका म्हातारीने तन्वीचा हात धरला, मला डोळ्यांनी ‘चल’ म्हटलं आणि सरळ त्या लोंढ्यात शिरली. स्कूटरी आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. पलीकडे पोचल्यावर तन्वी म्हणाली, ‘‘मम्मी, अपने यहाँ तो गाय ओलांडते अशी.’’

दुसरं संकट आम्हीच बॅगेतून नेलं होतं. प्रशांतने घरून छोटा विजेचा कुकर, मूगडाळ-तांदूळ आणि हिंगाची डबी आणली होती. हॉटेलच्या खोलीत खिचडीला फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. खालून दोन पोरी धावत आल्या. एकीने खिडकी उघडली, दुसरीने कुकरमध्ये वाकून वास घेतला आणि चमचा मागितला. तिला आवडली असावी, कारण तिने आणखी एक चमचा घेतला. मग कुकर मात्र जप्त झाला.

खाण्याचे हाल होतील असं सगळ्यांनी सांगितलं होतं, तेही खोटं निघालं. बौद्ध मंदिरांच्या आसपास निव्वळ शाकाहारी खानावळी असतात. फूटपाथवर लाल प्लास्टिकची बुटकी स्टुलं, त्यावर बसून तांदळाच्या शेवया, वरून दाण्याचा कूट आणि पुदिना. दाण्याचा कूट पाहून माझा जीव भांड्यात पडला. केळफुलाची कोशिंबीर तर आमच्यापेक्षा ते बारीक चिरतात.

खरा चकित करणारा प्रकार वेगळाच होता. आपल्याकडे हॉटेलात पोर रडलं की आजूबाजूचे लोक आईकडे बघतात. इथे ओजसने भोकाड पसरलं तर वाढणारी बाई आली, त्याला उचललं आणि कडेवर घेऊन आत गेली. मी घाबरून मागे धावले, तर तिने हाताने खूण केली की बस, जेव. आत तो तिच्या सासऱ्याच्या मांडीवर बसून फोनवर गाणी बघत होता. लग्नानंतर, म्हणजे खरं तर पोरं झाल्यानंतर, बाहेरचं जेवण मी गरम खाल्लं ते त्या दिवशी. मला एकदम रडू आलं आणि प्रशांतला वाटलं मिरची लागली.

ओजसला मात्र सगळे मुलगीच समजत. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला रिबिनी मिळत होत्या.

मेकाँगच्या काठी

समुद्राला मिळायच्या आधी मेकाँग अनेक फाट्यांत फुटते, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. फाटा म्हणजे आपला ओढा असेल असं मनात होतं. प्रत्यक्षात एका फाट्यावर उभं राहिलं तरी पलीकडची झाडं पुसट दिसत होती. मी काठावर उभी राहून पलीकडचा काठ शोधत होते. प्रशांत मात्र नदीकडे पाठ करून केळी बघत होता. ‘‘घड छोटा आहे, पण साल पाहा किती जाड. हा माल ट्रकमध्ये टिकेल यार!’’ चार दिवस हेच चाललं. कुणाच्याही बांधावर शिरायचा, घडाला हात लावून बघायचा, आणि मालक आला की दोघं खाणाखुणांनी तासभर बोलायचे.

आम्ही लानताई नावाच्या बाईंच्या घरी उतरलो होतो. साठीच्या आसपासच्या, विधवा, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या. शेजारीच त्यांचा भाऊ तुंग राहायचा. त्याची होडी होती. तन्वीने पहिल्याच संध्याकाळी त्याला ‘मामा’ म्हणायला सुरुवात केली. तिला रिक्षावालाही मामाच असतो. बोलणं सगळं फोनमधल्या भाषांतरावर चालायचं.

ओजसला पाहून लानताईंच्या शेजारणी जमल्या, गालाला हात लावू लागल्या आणि फोनने आम्हाला सांगितलं, ‘किती कुरूप मूल आहे.’ प्रशांतचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग लानताईंनी समजावलं की लहान पोराला गोड म्हटलं तर भुताखेतांची नजर पडते, म्हणून त्यांच्याकडे तोंडावर वाईटच बोलायचं. मी ओजसचा कान पुढे करून त्यामागची तीट दाखवली. बायका एवढ्या हसल्या की मीही हसत सुटले.

त्यांच्याकडे प्रत्येक ओसरीवर दोरीची झोळी टांगलेली असते. दुपारी माणसं त्यातच झोपतात. तिसऱ्या दिवशी दुपारी तन्वी ओजसला झोळीत घालून झोके देत होती. मी चार हातांवर बसले होते, बघत होते, आणि तरीही ते झालं. झोळी उलटली, ओजस फरशीच्या पायरीवर पडला. त्याने रडायला उशीर केला, तेवढ्यात मी त्याला उचलून घेतलं. मग तो ओरडला. वेणीतून रक्त गळत होतं.

तुंग स्कूटर घेऊन आला. मी ओजसला छातीशी धरून मागे बसले, प्रशांत दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर. गावचा सरकारी दवाखाना जवळच होता. स्वच्छ, पिवळ्या भिंतींचा. नर्सबाईंनी पाण्याने जखम धुऊन पाहिली, टाके घालायचे असं खुणेने सांगितलं आणि कात्री उचलली.

आणि प्रशांतने तिचा हात धरला.

‘‘एक मिनट, एक मिनट,’’ तो म्हणाला. ‘‘केस नका कापू. जावळ आहे.’’

त्या बिचारीला काय कळणार? पोराच्या डोक्यातून रक्त वाहतंय आणि बाप कात्री धरून ठेवतोय! प्रशांत फोनमध्ये काहीतरी बोलू लागला. नवस, देवी, आजी. फोनने त्याचं काय केलं कोण जाणे, नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. प्रशांत मला म्हणाला, ‘‘बाजूला सरकवून टाके घालता येतील का विचार ना. आईला काय सांगायचं?’’

खोटं कशाला बोलू, एक क्षण मीही थांबले. ती काचेची पेटी डोळ्यांपुढे आली आणि तिच्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या सासूबाईही. मग मी प्रशांतचा हात तिच्या हातावरून काढला आणि मराठीतच म्हणाले, ‘‘कापा.’’

संध्याकाळी लानताईंनी ओजसला तांदळाची पातळ पेज भरवली. आजाऱ्याला पेज, हे इथेही आणि आमच्याकडेही. तो मजेत होता. डोक्याला पांढरी पट्टी आणि एका बाजूला हाताच्या पंजाएवढं टक्कल. तन्वी कोपऱ्यात बसून राहिली होती. तिला जवळ घेऊन मी सांगितलं, ‘‘तुझी चूक नाही. झोळी उलटते कधी कधी.’’ तिने विचारलं, ‘‘आजी हमको डाँटेगी?’’

‘‘तुला नाही. मला,’’ मी म्हटलं.

प्रशांतचा बेत तयार होता. ‘‘आईला आत्ता नको सांगू. घरी गेल्यावर टोपी घालू. बाजूचे केस वर घेतले की झाकतंय.’’

मी नाही म्हटलं. लपवलं असतं तर आम्ही गुन्हा केला असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि गावातल्या प्रत्येक उपदेश करणाऱ्याला मीच बरोबर ठरवलं असतं. पोर तर परसातल्या बाजेवरूनही पडतं. शेजारच्या घरातलं पोर गच्चीच्या जिन्यावरून पडलं, तेव्हा त्याच्या आईला कुणी म्हटलं नाही की जिना कशाला बांधला!

मी फोन लावला. सासूबाई दिसल्या. मी सगळं सरळ सांगितलं.

‘‘केस किती कापले?’’ त्यांनी विचारलं.

‘‘जखमेपुरते.’’

‘‘पोर खाऊ राहिलं का?’’

‘‘खातोय.’’

‘‘मंग बाकीचे ठेव. बाकीचे देवीचे आहेत,’’ त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

ठेवले असते हो. पण दुसऱ्या दिवशी मलमपट्टीला गेलो तर घामाने केस जखमेत चिकटलेले, कडेला लाली. नर्सबाईंनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवलं, सगळे काढा. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘काढायचेच आहेत तर दवाखान्याच्या कचऱ्यात जाऊ देणार नाही. जावळ म्हणूनच काढू.’’

‘‘इथे?’’

‘‘इथेच.’’

लानताईंना मी फोनमधल्या भाषांतराने जमेल तसं समजावलं. पहिले केस, देव, नदी. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. तुंगने घरातून जुना फोटो आणून दाखवला. त्यात तो चार वर्षांचा, सगळं डोकं तासलेलं आणि पुढे फक्त एक झुबका. त्यांच्याकडेही लहान पोरांची डोकी अशी ठेवत. रस्त्याच्या कडेला झाडाला आरसा टांगून बसणारा गावचा न्हावी मशीन घेऊन घरी आला. जखमेच्या बाजूला जाणार नाही, हे त्याने तीनदा हाताने दाखवलं.

आमच्याकडे जावळाला पोराला मामाच्या मांडीवर बसवतात. माझा भाऊ भुसावळला. त्याला फोन लावून खांबाला टेकवून ठेवला आणि ओजस बसला तुंगच्या मांडीवर. भुसावळचा मामा तिथून ओरडत होता, ‘‘अरे मान धरा ना त्याची! ताई, सांग त्याले, कान सांभाळ!’’ तुंग शांतपणे त्या फोनकडे बघून मान डोलवत होता. लानताईंनी घरातल्या देव्हाऱ्यात, आपल्या आईवडिलांच्या फोटोंपुढे, उदबत्ती लावली. ओजस रडला नाही. खाली पडणाऱ्या केसांकडे तो बघत होता.

मी केस गोळा करायला वाकले तेव्हा प्रशांत उठून गेला. मला वाटलं रागावला. तो परसातून केळीचं पान कापून घेऊन आला, धुऊन पुसून, देठ काढून. त्यावर आम्ही ते केस ठेवले. होडीतून तुंगने नदीच्या मध्यापर्यंत नेलं. तिथे पाणी तपकिरी, जड, घाईत नसलेलं. मी पान पाण्यावर सोडलं आणि हात जोडले. देवीला सांगितलं, तुझं तुला पोचू दे, मला नदी एवढीच माहीत आहे. तन्वी म्हणाली, ‘‘ये पानी तापी में जाता है क्या?’’ भूगोलाच्या बाईला नाही म्हणावं लागलं.

परत आल्यावर लानताईंनी निखाऱ्यावर भाजलेली केळी दिली. केळ्याभोवती चिकट भाताचा थर, वरून पान गुंडाळून भाजायचं आणि मग नारळाचं घट्ट दूध ओतायचं. प्रशांतने पाच खाल्ली. पोरांच्या हातातोंडाला राख लागली होती. मी इतकं सुखाचं जावळ कुणाचंच पाहिलेलं नाही, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

बुऱ्हाणपूर

बाकीचेही केस गेल्याचं मी फोनवर आधीच सांगितलं होतं, तरी घरात पाय ठेवू दिला. पण सासूबाई माझ्याशी बोलेनात. सगळं तन्वीमार्फत. ‘‘तुह्या मायले सांग, चहा झाला.’’ ‘‘तुह्या मायले विचार, पोळ्या किती टाकू?’’ मी समोरच उभी असायचे. ओजसला मात्र त्या क्षणभर खाली ठेवत नव्हत्या. टाके निघाले, डोक्यावर व्रण राहिला. बाहेर नेताना त्या त्याला टोपी घालत.

महिन्याभराने ठरल्याप्रमाणे कुलदेवीला गेलो. खकनारच्या बाजूला, जंगलाच्या कडेला छोटं देऊळ आहे. नवस फिटला नाही, निदान देवीला तोंड तरी दाखवू, असं सासूबाईंनी प्रशांतला सांगितलं होतं. भाऊबंद आले होते. वरण-बट्टीचा स्वयंपाक झाडाखाली चालला होता. माझ्या चुलतसासू, ज्यांना आम्ही मोठ्या काकू म्हणतो, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘मायबापाले फिराची हौस, अन् डोकं फुटलं लेकराचं.’’ मग देवळात माझ्याजवळ येऊन समजुतीच्या सुरात बोलल्या, ‘‘नाक घास वं देवीपुढं. चुकली म्हन. पुन्हा नाही नेनार म्हन. विषय संपला.’’

प्रशांत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सासूबाई ओजसला घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी होत्या. मला माहीत होतं की नाक घासलं असतं तर सगळं गोड झालं असतं, आणि पोरं मोठी होईपर्यंत आम्ही उंबऱ्याबाहेर पडलो नसतो.

मी नाक घासलं नाही. उभ्यानेच, काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. ‘‘देवी, याचे केस मी कापले. जखम चिघळू नये म्हणून कापले, नदीला वाहिले. आईंचा नवस मोडला याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण पोरांना नेलं याचं वाटत नाही. मी चुकले नाही. पुढच्या सुट्टीत मी त्यांना पुन्हा नेणार आहे.’’

‘‘काय बाई आहे!’’ काकू मागून म्हणाल्या.

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी ओजसच्या डोक्यावरची टोपी काढली, त्याचं डोकं देवीकडे वळवलं आणि तो व्रण बोटाने दाखवला.

‘‘पाह्य माय,’’ त्या देवीला म्हणाल्या. ‘‘शिवलेलं आहे, पन आहे.’’

मग माझ्याकडे वळल्या, सरळ माझ्याकडे, आणि म्हणाल्या, ‘‘नारळ फोड आता. पोरायले भूक लागली.’’